कॉनंड्रम हॉट स्प्रिंग्स: आधी साडेआठ मैल चाला, मग कपड्यांचं बघू

सगळ्यात आधी तो प्रश्न निकालात काढते, कारण कोणालाही सांगितलं की आम्ही कॉनंड्रमच्या गरम पाण्याच्या झऱ्यांना जाऊन आलो की दुसरं वाक्य तेच असतं: "तिथे म्हणे लोक कपड्यांशिवाय बसतात?" हो, तिथे लोक कपड्यांशिवाय पाण्यात बसतात. नाही, सगळे नाही. आणि कोणी जबरदस्ती करत नाही. आपल्या शाळेत संस्कृत ऐच्छिक असायचं ना, तसे इथे कपडे ऐच्छिक, ज्याला झेपेल त्याने घ्यावं. आणि खरं सांगू का, वर पोचेपर्यंत पायांची अशी वाट लागलेली असते की समोरच्याने काय घातलंय नि काय नाही इकडे लक्षच जात नाही, आधी स्वतःचे बूट काढायचे असतात.

जायच्या आधी आईला फोनवर सांगितलं की डोंगरात गरम पाण्याचं कुंड आहे, तिकडे चाललोय. "म्हणजे वज्रेश्वरीसारखं?" म्हटलं हो, साधारण तसंच. "मग देऊळ असेल." म्हटलं देऊळ नाही. "बरं, कपडे बदलायला खोली तरी असेल ना?" म्हटलं नाही गं, पण तिची गरज पडत नाही. नवरा बाजूला चहा पीत होता, तो ठसकला.

तर जागा कुठे: अमेरिकेतल्या कोलोरॅडोत ॲस्पेन म्हणून श्रीमंतांचं स्कीइंगचं गाव आहे, त्याच्या दक्षिणेला कॉनंड्रम क्रीकची दरी आहे, त्या दरीच्या पार वरच्या टोकाला हे झरे. उंची ११,२०० फूट, म्हणजे कळसूबाईच्या दुप्पट. गाडी ठेवतो तिथून एका बाजूने ८.५ मैल, आपल्या हिशोबाने पावणेचौदा किलोमीटर, आणि चढ साधारण २,७०० फूट. म्हणजे एकूण चढ सिंहगडापेक्षा जास्त, फक्त तो इतका लांबवर पसरलाय की सुरुवातीला चढ वाटतच नाही आणि शेवटी सगळा एकदम वसूल करतो. नावाचा अर्थ कोडं. असं सांगतात की खाणवाल्यांना ओढ्यात सोन्याचे कण मिळाले पण ते वरून नक्की कुठून वाहून येतायत ते काही सापडेना, म्हणून हे नाव. खरं खोटं त्यांनाच ठाऊक.

हा सगळा भाग मरून बेल्स-स्नोमास विल्डरनेसमध्ये येतो. विल्डरनेस म्हणजे नुसतं जंगल नाही, १९६४ चा कायदा आहे त्याला, आत मोटार नाही, सायकलसुद्धा नाही, रस्ता नाही, बांधकाम नाही. म्हणून वर संडास नाही, बाकडं नाही, मॅगी नाही, कांदाभजी तर विसराच. हे मुद्दाम सांगतेय कारण आपल्याकडे 'हॉट स्प्रिंग' म्हटलं की डोळ्यासमोर टाईल्स लावलेलं कुंड, बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं आणि बाहेर शहाळंवाला असं चित्र येतं.

परमिटचं आधी बोलते कारण अर्धी लढाई तिथेच आहे. दिवसा जाऊन परत यायला परमिट लागत नाही, पण मग एका दिवसात १७ मैल होतात, ते मला या जन्मात जमणार नाही. रात्री राहायचं तर ठरवून दिलेल्या, नंबर टाकलेल्या कॅम्पसाईट्स आहेत, त्यांचं परमिट ऑनलाईन काढायचं, आणि ते काही महिने आधी खुलं होतं आणि शनिवार-रविवारचं म्हणाल तर गणपतीच्या कोकण रेल्वेसारखं, डोळ्याची पापणी लवायच्या आत फुल. आम्ही तिघं होतो, मी, नवरा आणि माझी नागपूरची मैत्रीण (तिच्या नवऱ्याने दोन्ही घरची पोरं सांभाळली, त्या माणसाला स्वर्गात जागा आहे). तिघांनी तीन लॅपटॉप घेऊन बसलो तरी वीकेंड मिळाला नाही, सप्टेंबरचा मंगळवार-बुधवार मिळाला. नंतर कळलं की तेच उत्तम झालं.

आधी ही परमिटची भानगड नव्हती, २०१८ पासून सुरू झाली. त्याच्या आधी उन्हाळ्याच्या सुट्टीच्या दिवसांत एकेका रात्री शेकड्यांनी लोक वर जायचे, कुठेही तंबू, कुठेही शेकोटी, बियरचे कॅन, स्पीकर, आणि एवढ्या लोकांचं सकाळी जे व्हायचं ते झाडामागे, मग ते पावसाने ओढ्यात. रेंजर लोक पाठीवर कचरा वाहून थकले तेव्हा हा नियम आला. मला नियमांचा कंटाळा आहे पण इथे म्हणेन, बरं केलं.

दुसरी सक्तीची गोष्ट म्हणजे बेअर कॅनिस्टर. अस्वलाला उघडता येऊ नये असा जाड प्लास्टिकचा गोल डबा, त्यात सगळं खाणं, टूथपेस्ट, क्रीम, जे जे वासाचं ते सगळं कोंबायचं आणि रात्री तंबूपासून लांब ठेवायचं. आमचा भाड्याने आणलेला. त्यात मी ठेपले, भडंग, शेंगदाण्याची चटणी, रेडी टू ईट पोह्यांची पाकिटं अशी काही ठासून भरली होती की वर बसून झाकण लावावं लागलं. त्या झाकणाची गंमत अशी की ते हाताने उघडत नाही, कडेला दोन खाचा असतात, त्यात नाणं घालून फिरवायचं. वर पोचलो, भूक अशी की दगड चावावेत, आणि तिघांकडे मिळून एक नाणं नाही. कोणाकडे असणार, आजकाल सगळे फोन टॅप करतात! नवऱ्याने आधी नखाने बघितलं, मग गाडीच्या किल्लीने, मग चमच्याने, चमचा वाकला. मैत्रीण म्हणाली, "आता अस्वलालाच बोलवा, त्याला जमते का पाहू." शेवटी मी बॅगेचा आतला चोरकप्पा उघडला, त्यात आईने मागच्या वेळी निघताना घातलेली देवाच्या अंगाऱ्याची पुडी होती आणि पुडीत एक रुपया. तो फिट्ट बसला. टक, टक, दोन्ही खटके उघडले. भारत सरकारच्या नाण्याने उघडलेल्या डब्यातले ठेपले कोलोरॅडोच्या डोंगरात खाल्ले, आणि इतके चविष्ट ठेपले मी आजवर केलेले नाहीत.

आता वाट. डेन्व्हरहून आदल्या दिवशी निघालो, इंडिपेंडन्स पास नावाच्या घाटावरून गेलो, १२,०९५ फूट, वळणं अशी की नवरा गाडी चालवत होता आणि आम्ही दोघी रामरक्षा. (हा पास हिवाळ्यात बंद असतो, तेव्हा ग्लेनवूड गावावरून वळसा पडतो.) ॲस्पेनजवळ रात्र काढली, तीही स्वस्तात नाही, ॲस्पेनमध्ये स्वस्त फक्त हवा. सकाळी सातला ट्रेलहेडला, म्हणजे पायवाट सुरू होते तिथे, गेलो तर छोटं पार्किंग बऱ्यापैकी भरलेलं.

पहिले काही मैल म्हणजे निव्वळ लाड. ॲस्पेन नावाचीच झाडं असतात, ती सप्टेंबरमध्ये पिवळी व्हायला लागतात, पानं देठावर अशी थरथरतात की वारा दिसतो, बाजूला ओढा, मोठाली कुरणं, मी तर गाणी म्हणत चालले होते. मग मधल्या टप्प्यात हिमस्खलनाच्या वाटा लागतात. डोंगरावरून बर्फ सुटतं तेव्हा सगळं जंगल आडवं करत खाली येतं, २०१९ च्या मार्चमध्ये या दरीत फार मोठी स्खलनं झाली, ती झाडं अजून काड्यापेटी सांडल्यासारखी एकाच दिशेला डोकी करून पडलेली दिसतात. मी तिथे गाणं थांबवलं. पुढे ओढा ओलांडायचे ओंडक्यांचे पूल, मग दगड, मग चढ, मग अजून दगड, आणि शेवटचे दोन मैल बाई विचारू नका. पाठीवर तीसेक पौंड, हवा विरळ, दर पन्नास पावलांनी फोटो काढायच्या निमित्ताने थांबायचं. समोरून उतरणारा प्रत्येक माणूस हसून सांगणार "जवळ आलंय", तेच आपल्याकडचं "हे काय इथंच", जगभर गावकरी सारखेच खोटारडे.

नवऱ्याचं डोकं दुखायला लागलं दहा हजार फुटांच्या पुढे. आम्ही डेन्व्हरला राहतो म्हणजे ५,२८० फुटांची सवय आहे तरी ही गत. जे न्यू जर्सीहून नाहीतर थेट पुण्याहून येऊन हे करायचं म्हणतायत त्यांनी कृपा करून आधी एक-दोन रात्री उंचावर झोपा, भरपूर पाणी प्या, आणि वर गेल्यावर गरम पाण्यात बसून दारू पिऊ नका, चक्कर येऊन पडाल आणि खाली न्यायला आठ मैल खांदेकरी लागतील.

दुपारी तीनला पोचलो. तंबू ठोकला, ते नाण्याचं प्रकरण आधी सांगितलंच, आणि मग टॉवेल घेऊन झऱ्याकडे.

मुख्य कुंड एकच आहे म्हणायचं, दगड रचून केलेलं, वीसेक माणसं दाटीवाटीने बसतील एवढं, खाली खडी, खोली बसल्यावर खांद्यापर्यंत. खालच्या अंगाला एक-दोन छोटी डबकी, ती कोमट. पाणी खालच्या खडीतूनच वर येतं, बुडबुडे मांडीला गुदगुल्या करतात. तापमान साधारण १०० फॅरनहाइट. आता अमेरिकन माणसाला १०० म्हटलं की आंघोळीचं पाणी आठवतं, आपल्याला १०० म्हटलं की क्रोसिन आठवते. म्हणजे ते अंगाबरोबरच आहे, वज्रेश्वरी-अकलोलीच्या काही कुंडांत पाय घातला की ओरडून बाहेर काढतो तसं अजिबात नाही. ज्यांना चटका बसल्याशिवाय गरम पाण्यात गेल्यासारखं वाटत नाही (माझे सासरे) त्यांची निराशा होईल. पण बाहेरची हवा पाच-सहा डिग्री सेल्सिअस, मागे अजून न वितळलेलं बर्फ, दोन्ही बाजूंना सरळ उभे डोंगर, त्यात ते कोमट-गरम पाणी म्हणजे काय सुख ते मला इथे लिहिता येणार नाही.

हां, माणसं. पाण्यात अकरा जण होते. मी मोजले, कारण दुसरीकडे कुठे बघायचं ते सुचेना म्हणून फक्त डोकी मोजली. त्यातले निम्मे पोशाखात, निम्मे विना. एक आजोबा होते, डोक्यावर लोकरीची माकडटोपी आणि बाकी काहीही नाही, आणि ते इतक्या निवांतपणे सूप पीत होते की पारावर बसलेत असं वाटावं. मी पूर्ण स्विमसूट त्यावर टी-शर्ट त्याखाली लेगिंग, म्हणजे जवळजवळ वज्रेश्वरीच्या नियमात. पहिली दहा मिनिटं मी समोरच्या डोंगराचा इतका अभ्यास केला की आता त्याचं चित्र काढून देईन. नवरा तर ढगच बघत होता, आकाशात ढग नव्हते. आणि मग काय झालं कळलं नाही, कोणीतरी विचारलं तुम्ही खाली कुठल्या साईटवर आहात, कोणीतरी अस्वल दिसल्याचं सांगितलं, त्यात गप्पा सुरू झाल्या आणि ते डोक्यातून निघूनच गेलं. कोणी कोणाकडे टक लावून बघत नाही, फोन कोणी बाहेर काढत नाही. हा तिथला अलिखित आणि सगळ्यात कडक नियम, पाण्याजवळ कॅमेरा नाही. डोंबिवली लोकलमध्ये पूर्ण कपड्यांत उभं राहून मला जेवढं चोरटं वाटायचं त्याच्या एक टक्काही इथे वाटलं नाही.

त्रास झाला तो वेगळाच. एका गृहस्थाला कळलं आम्ही भारतातले, मग तो नागडा माणूस मला अर्धा तास चक्रांबद्दल सांगत होता. मूलाधारपासून सुरुवात केली. मैत्रीण हळूच म्हणाली, "याले म्हणा, ते चक्र झाकून ठेव आधी." मला हसू आवरेना आणि त्याला वाटलं मला आनंदाची अनुभूती आली.

इथे एक किस्सा सांगायलाच हवा, जो माझ्या नवऱ्याने नेमका आम्ही गळ्याइतक्या पाण्यात असताना सांगितला. २०११-१२ च्या हिवाळ्यात खालच्या कुरणांतून भरकटलेल्या काही गाई इथे वर आल्या, वादळात जवळच्या जुन्या लाकडी केबिनमध्ये आणि आजूबाजूला आसऱ्याला थांबल्या आणि तिथेच गोठून मेल्या. वसंतात बर्फावरून आलेल्या एअर फोर्स अकॅडमीच्या पोरांना त्या दिसल्या. आता प्रश्न असा की विल्डरनेस आहे, गाडी नेता येत नाही, बर्फ वितळलं की सडणार, झऱ्याचं पाणी खराब होणार, वासाने अस्वलं येणार. फॉरेस्टवाल्यांनी चक्क स्फोटकं लावून उडवायचा विचार केला होता! बातमी जगभर झाली. शेवटी हातकरवतीने तुकडे करून प्रश्न सोडवला. "कुठे होती ती केबिन?" मी विचारलं. त्याने हात वर करून दाखवलं, इथंच, पलीकडे. मैत्रीण म्हणाली, "आत्ताच काहून सांगून राहिला रे तू हे? जेवण तर होऊ द्यायचं." तिने नंतर पाण्यात तोंडही धुतलं नाही.

तोंड तसंही धुवायचं नाही बरं का, डोकं बुडवायचं नाही, नाकात पाणी जाऊ द्यायचं नाही. असल्या नैसर्गिक गरम पाण्यात क्वचित एक अमीबा असतो, तो नाकातून मेंदूत जातो, अगदी दुर्मिळ पण झालं तर वाचणं कठीण. आपल्याकडच्या कुंडांत पोरं सूर मारतात त्यांनाही हे लागू आहे. साबण, शाम्पू, अंगाला तेल लावून उतरणं तर बिलकुल नाही, ते पाणी पुढे ओढ्यात जातं.

रात्री झोप अशी लागलीच नाही. उंचीवर लागत नाही, आणि डब्याशी काहीतरी खुडबुड करत होतं. (सकाळी कळलं ते साळिंदर असावं, बुटाचे घामट पट्टे चावलेले होते नवऱ्याच्या. त्यांना मीठ आवडतं म्हणे. बूट तंबूत घ्या.) पहाटे साडेचारला मैत्रिणीने हलवलं, म्हणाली चल, कोणी नसेल. हेडलॅम्प लाल करून गेलो. खरंच कोणी नव्हतं. वाफ अशी की हाताचा पंजा दिसेना, आणि वर तारे, आकाशगंगा कोणीतरी तांदळाचं पीठ सांडल्यासारखी. मी टी-शर्ट काढला, लेगिंग काढली, मग म्हटलं आता कोणासाठी, आणि उरलेलंही काढलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा आभाळाखाली. कोणाला काही वाटलं नाही, डोंगरालाही नाही. पाण्याचा स्पर्श इतका वेगळा असतो हे माहीतच नव्हतं, ओलं कापड अंगाला चिकटत नाही, गार वाऱ्याची झुळूक आणि गरम पाणी यांच्या मधे काहीच नसतं. आम्ही दोघी तासभर काहीही बोललो नाही आणि आमच्या मैत्रीच्या अठरा वर्षांत हेही पहिल्यांदाच.

या जागेचा खरा दोष त्यानंतर कळतो. बाहेर कसं यायचं? उजाडत आलेलं, हवा शून्याच्या खाली, दगडावर ठेवलेला टॉवेल उचलला तर तो वाळवणातल्या पापडासारखा कडक झालेला, दुमडतच नव्हता, आणि क्रॉक्स जमिनीला चिकटलेले. त्या पापडाने अंग पुसायचा प्रयत्न केला ते पोलिसांच्या तपासणीत येण्यासारखं दृश्य होतं. तेवढ्यात समोरून माकडटोपीवाले आजोबा आले, "मॉर्निंग" म्हणाले आणि पाण्यात उतरले. मीही मॉर्निंग म्हटलं. त्या क्षणी लाजेपेक्षा थंडी कितीतरी मोठी होती. तर टॉवेल पिशवीत ठेवा, पिशवी कोरडी ठेवा.

आणि तो दुसरा विषय. वर संडास नाही, जमीन दगडाळ, खड्डा नीट होत नाही, म्हणून खास पिशव्या मिळतात, आत पावडर असते, त्यात करायचं, बांधायचं आणि स्वतःच्या पाठीवर खाली आणायचं. लहानपणी आजोळी टमरेल घेऊन जायचो आणि रिकाम्या हाताने परत यायचो, इथे उलटं आहे. ऐकून नाक मुरडाल पण अहो त्या दरीतलं पाणी अजून नितळ आहे ते यामुळेच. आम्ही तिघांनी आणलं. कोणाचं कुठल्या बॅगेत हे नवऱ्याने रंगीत रिबिनी लावून ठरवलं होतं, इंजिनिअर आहे.

उतरताना पाच तास लागले, गुडघे अजून बोलतायत.

मग जावं का? नुसतं गरम पाण्यात बसायचं असेल तर नका जाऊ, ग्लेनवूडला हायवेला लागून भलामोठा स्विमिंग पूल आहे, शॉवर आहे, पोरंबाळं आजीआजोबा सगळे जातात, कपडे घालून. आणि नुसता कपड्यांशिवायचा अनुभव हवा असेल तर स्टीमबोट स्प्रिंग्सजवळ स्ट्रॉबेरी पार्क आहे, तिथे अंधार पडल्यावर फक्त मोठ्यांना प्रवेश आणि कपडे ऐच्छिक, गाडी दारापर्यंत जाते (हिवाळ्यात फोर व्हील ड्राइव्ह लागते). कॉनंड्रम हा मुळात ट्रेक आहे, वर पाणी मिळतं ते बोनस. सह्याद्रीत नियमित भटकणाऱ्यांना आवडेलच. दहा वर्षांखालची मुलं, गुडघ्याचे पेशंट, आणि फोन हातातून सुटत नाही अशी माणसं घरी ठेवा. कुत्र्यांनाही झऱ्यापाशी बंदी आहे. जून संपेपर्यंत वर बर्फ असू शकतं, जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजा कडाडतात म्हणून पहाटे निघायचं, माझ्या मते सप्टेंबरचा मधला आठवडा सगळ्यात छान, पण स्लीपिंग बॅग शून्याखालचीच घ्या, आमची एक नव्हती आणि त्यावरून दोन दिवस आमच्या घरात चर्चा चालू होती.

पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क चक्रवाल्या गृहस्थासाठी कापला. आणि डब्यासाठी सुट्टे घेऊन जा, रुपया चालतो.